पाचवी चूक

९ जून

डॉक्टरीणबाईंस,

'सप्रेम' लिहायला घेतलं आणि हात अडला, म्हणून नुसता नमस्कार. तू माझा नंबर ब्लॉक केलास. दवाखान्यात फोन लावला की तुझी नर्स म्हणते, मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत. चोवीस तास? असो. कागद ब्लॉक होत नाही. फाडायचा म्हटला तरी आधी हातात धरावा लागतो.

आईच्या लोंबत्या पापण्यांचं ऑपरेशन तू केलंस, त्याला आज अकरा आठवडे झाले. तू म्हणाली होतीस, "तीन आठवड्यांत सूज उतरेल आणि सहाव्या आठवड्यात आई पुस्तकात डोकं खुपसून बसेल." सूज उतरली. टाक्यांची रेघ इतकी बारीक आहे की माझ्या गिऱ्हाइकांना दाखवली तर रांग लावतील. फक्त एकच भानगड आहे, डोळे मिटत नाहीत.

तू स्वतः पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. आई दुपारी आडवी होते. वरची पापणी खाली यायला लागते, येते, आणि मध्येच थांबते. खाली पांढरी फट उरते, उजवीकडे दोन मिलिमीटर, डावीकडे एक. माणूस घोरतोय आणि तरीही आपल्याकडे बघतोय, असं वाटतं. पहिल्या दिवशी मी दोनदा हाक मारली, आई, जागी आहेस का? ती गाढ झोपेत होती.

मी काय काय करते तेही ऐक. सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस पिळून पापण्यांच्या कडा पुसते. नाकाकडून कानाकडे, एक बोळा एकदाच. मग दहा मिनिटं ओला गरम कपडा, म्हणजे कडेच्या तेलाच्या बारीक ग्रंथी मोकळ्या होतात. दर तासाला थेंब. झोपताना मलम आणि वरून चिकटपट्टी. त्या पट्टीने गालाची कातडी सोलवटायला लागली, म्हणून आता पोहायचा चष्मा लावते, आत ओल टिकून राहते. आई म्हणाली, "आता पाण्यात ढकलून दे म्हणजे झालं." मी हसले नाही.

तू फोनवर काय म्हणाली होतीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "पार्लरच्या ज्ञानावर माझं शास्त्र मोजू नकोस." बरं. पण डोळ्यांभोवतीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, तिच्याखाली चरबीचा थर नाही, ती ओढली की परत जागेवर येईलच असं नाही, हे मी बावीस वर्षं हाताने शिकले आहे. माझ्या हाताखालच्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, डोळ्याजवळ अनामिका, तिच्यात जोर सगळ्यात कमी. तू सुरी घेऊन गेलीस आणि नको तितकी कातडी कापलीस. सरळ हिशेब आहे. कापड कमी पडलं, पडदा खिडकीला पुरत नाही.

तुझ्या हॉस्पिटलच्या तक्रार समितीकडे मी अर्ज दिला आहे. कोणाकडून तरी कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

— थोरली


२१ जून

डॉक्टरीणबाईंस,

तुझं उत्तर नाही. तू येऊन मात्र गेलीस. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं, "तुमची बहीण रोज साडेचारला येते, तुम्ही गेल्यावर." म्हणजे माझी पाठ वळायची वाट बघत खाली गाडीत बसायचीस? चाळिशी उलटली, पण सवय गेली नाही. लहानपणीही काचेचं भांडं फुटलं की तू न्हाणीघरात आणि मी आईपुढे.

झालेलं तुला ठाऊकच आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. बारा तारखेला सकाळी आईचा उजवा डोळा लालभडक होता. मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं तर बुबुळावर पांढरा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. ती म्हणाली, "काही नाही, कचरा गेला असेल." हात मात्र उशीवर घट्ट आवळलेला. तुझ्या हॉस्पिटलमध्ये मी तिला मुद्दामच नेलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि विचारलं, "हे डोळे कधीपासून उघडे राहतात?" कोरडं पडून बुबुळ सोललं होतं, त्यात जंतू शिरले होते. पाच दिवस दर तासाला थेंब. डोळा राहील म्हणतात. नजर किती राहील ते सांगत नाहीत.

दहा जुलैला समितीसमोर बोलावलं आहे. मी काय सांगणार ते आत्ताच लिहून देते, नंतर पाठीमागून वार केला म्हणू नकोस. ऑपरेशनच्या आधी तू आईला धड तपासलंच नाहीस. डोळे कोरडे पडतात का, सकाळी उठल्यावर जळजळतात का, हे विचारायची तसदीसुद्धा घेतली नाहीस. आपलीच आई, त्यात काय विचारायचं! विचारलं असतंस तर सांगितलं असतं. त्याचबरोबर कातडी जास्त कापलीस हेही सांगणार.

आईला परवा घरी आणलं. डाव्या डोळ्याने भिंग धरून वाचते. वाचू नकोस म्हटलं की डोळे वटारते, आणि आता ते वटारलेलेच राहतात.

— थोरली

(खाली लाल शाईत, दुसऱ्या हस्ताक्षरात)

धाकटे, थोरलीने हे पाकीट मला फिरायला जाताना पेटीत टाकायला दिलं. चिकटवायचं विसरली. उघडं मुद्रित हातात आलं की मी वाचते. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, आता ती खोड कुठे जाणार?

पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या आहेत. पाचवी चूक शुद्धलेखनाची नाही. 'तसदीसुद्धा घेतली नाहीस' हे वाक्य खोटं आहे. तू विचारलं होतंस. तुझ्या टेबलावर हिरवा दिवा होता आणि तू पेन हातात धरून विचारलंस, "आई, डोळे कोरडे पडतात का?" मी नाही म्हटलं. थोरली माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिला माहीत होतं. दोन वर्षं ती मला औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालत होती.

उत्तर मी दिलं. माझ्या नावावर धर. तिला बोलू नकोस.

— आई


२ जुलै

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठी. दीड ओळ. "पाचवी चूक वाचली. समितीपुढे काय सांगणार आहेस?"

कोणती पाचवी चूक, मला कळेना. आईला विचारलं. ती शेंगदाणे सोलावेत तितक्या शांतपणे म्हणाली, "मी टीप लिहिली होती." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाला येईल ते बोलले. माझी पत्रं वाचतेस, माझ्यावर पाळत ठेवतेस, दिवसभर तुझ्या पापण्या पुसते ती मी आणि बाजू घेतेस तिची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाजू नाही घेतली. चूक खोडली." मग थेंबांची वेळ झाली, म्हणून मला थांबावं लागलं. भांडताना थेंब घालता येत नाहीत.

तुला खरं हवंय ना, मग घे. आईनेही पूर्ण खरं लिहिलेलं नाही. मला वाचवलं आहे तिने. तुझ्या दवाखान्यात येताना गाडीत मी तिला म्हटलं होतं, "ती कोरडेपणाचं विचारेल. हो म्हणालीस तर ऑपरेशन करणार नाही, महिनोन्महिने तपासण्या करत बसेल. नाही म्हण." ती म्हणाली, "डॉक्टरशी खोटं?" मी म्हटलं, "डॉक्टर कसली, आपली धाकटीच आहे." म्हणून तिने नाही म्हटलं. ते उत्तर माझं होतं. तोंड फक्त तिचं.

आणखी ऐक. ती झोपेत डोळे पूर्ण मिटत नाही, हे मला ऑपरेशनच्या आधी वर्षभर माहीत होतं. पार्लरच्या खुर्चीत मी तिच्या चेहऱ्याला मसाज करायला घेतला की तिला डुलकी लागायची आणि पापणीखाली केसभर पांढरं दिसायचं. तेव्हा लोंबत्या कातडीच्या वजनाने तरी पापणी खाली बसत होती. ते वजन तू काढलंस, आणि फट उघडी पडली.

आणि हे शेवटचं. टाके निघाले त्याच आठवड्यात मी भुवया मोजायच्या पट्टीने मोजलं होतं. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत, दोन्ही बाजूंना एकवीस मिलिमीटर. वीस लागतात, हे तूच मला कधीतरी जेवताना सांगितलं होतंस. म्हणजे तू जास्त कापलं नव्हतंस. पडद्याचं कापड पुरेसं होतं. मला हे माहीत असताना मी तुला पहिलं पत्र लिहिलं आणि समितीला अर्ज दिला.

ऑपरेशनची एवढी घाई का, असं विचारशील. सांगते, हसू नकोस. वाचून दाखवायचा मला कंटाळा आला होता.

आईची कातडी पापणीच्या केसांवरून खाली लोंबायला लागली, तेव्हा आधी ती बोटाने वर धरून वाचायची. मग कपाळाला चिकटपट्टी लावून. मग तेही जमेना, आणि रोज संध्याकाळी तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवायला सुरुवात केली. मी नऊ तास उभी असते. गिऱ्हाइकांच्या भुवया, त्यांचे नवरे, त्यांच्या सुना, सगळं ऐकून माझा गळा आणि कान दोन्ही बसलेले असतात. त्यावर तासभर वाचन. स्वल्पविरामाला थांबले नाही तर ती थांबवायची. एकदा मी गुपचूप दोन पानं एकदम उलटली. ती म्हणाली, "मधली दोन पानं खाल्लीस का?" त्या दिवशी मी ठरवलं, हिचे डोळे उघडून द्यायचेच. लवकरात लवकर.

तुला हा कंटाळा कधी आला नसेल, कारण तू महिन्यातून एकदा यायचीस, फळांची पिशवी टेकवायचीस आणि म्हणायचीस, "आई, तू किती छान दिसतेस." पुस्तक तुझ्या मांडीवर तिने कधी ठेवलं नाही. मला तुझा राग आहे तो याचा आहे. तो अजूनही आहे. माझं खोटं उघडं पडलं म्हणून तो कमी होईल असं समजू नकोस.

समितीपुढे काय सांगणार, मला अजून ठाऊक नाही. खरं सांगितलं तर अर्ज कोसळतो आणि गल्लीत माझं नाक कापलं जातं. खोटं सांगितलं तर तुझा हात कायमचा बांधला जाईल. दोन्हींच्या विचाराने मला रात्री झोप येत नाही.

— थोरली


११ जुलै

धाकटीस,

काल तू खोलीत होतीस, तरीही लिहिते. तू सगळा वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होतीस, त्यामुळे काय पाहिलंस आणि काय नाही, देव जाणे.

मी आत शिरले तेव्हा ठरवलेलं काहीच नव्हतं. तिघं बसले होते. तुमचे मोठे डॉक्टर, मेट्रन आणि फायलीवरून मान वर न करणारे ते गृहस्थ. मोठ्या डॉक्टरांनी अर्ज वाचून दाखवला. माझीच वाक्यं त्यांच्या आवाजात इतकी हुशार वाटली की मला घाम फुटला. 'तसदीसुद्धा घेतली नाही' या वाक्याशी ते थांबले आणि म्हणाले, "ताई, हे नक्की?"

मी म्हटलं, "नाही. तिने विचारलं होतं. आम्ही लपवलं."

ते फायलीवाले गृहस्थ पहिल्यांदा मान वर करून बघायला लागले. मग मी सगळं सांगितलं. गाडीतलं, थेंबांचं, एकवीस मिलिमीटरचं. वाचनाचं तेवढं सांगितलं नाही. ते तुझ्या-माझ्यातच राहू दे.

मला वाटलं होतं, आता तू सुटलीस. तू मान वर करशील, माझ्याकडे विजयी नजरेने बघशील, आणि मी तुला आयुष्यभर शिव्या घालायला मोकळी. पण मोठे डॉक्टर तुझ्याकडे वळले.

"अश्रूंची पट्टी लावली होती?"

तू म्हणालीस, "नाही सर."

मला कळलं नाही, तेव्हा त्यांनीच मेट्रनना सांगायला लावलं. कागदाची बारीक पट्टी, खालच्या पापणीत टोक अडकवायचं, पाच मिनिटांनी बघायचं किती भिजली ते. पेशंट काहीही सांगो, पट्टी खोटं बोलत नाही.

"का नाही लावली?"

"आईने नाही म्हटलं होतं, सर."

"पेशंटने नाही म्हटलं असतं तर?"

बाहेर ट्रॉलीचं चाक कुरकुरत गेलं. मग तू म्हणालीस, "लावली असती."

तेवढं एक वाक्य ऐकून मला तुझा जितका राग आला तितका या पंधरा आठवड्यांत आला नव्हता. परक्या बाईला पाच मिनिटं दिली असतीस. आणि त्याच क्षणी हेही डोक्यात आलं की परक्या बाईला मी गाडीत बसवून खोटं पढवलं नसतं. आपण दोघींनी तिच्याशी घरच्यासारखं वागून तिचा डोळा घालवला.

निकाल तुला माहीतच आहे. सहा महिने मोठ्या डॉक्टरांच्या नजरेखाली ऑपरेशन, आणि नात्यातल्या माणसाला हात लावायचा नाही. माझा अर्ज 'वस्तुस्थिती लपवून केलेला' असा शेरा मारून बंद. बरोबरच आहे.

व्हरांड्यात काय झालं त्याची मला लाज वाटत नाही. तू म्हणालीस, "माझ्यासाठी खरं बोलली नाहीस तू."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी कशाला बोलू? आईने ओळ खोडली होती, ती परत कशी लिहिणार?"

"तू वर्षभर बघत होतीस डोळे उघडे राहताना. एक फोन करता आला नाही?"

"तू महिनाभर येत नव्हतीस. एक पट्टी लावता आली नाही?"

"ओरडू नकोस, हॉस्पिटल आहे."

"तुझं हॉस्पिटल. माझी आई."

"माझी नाही का?"

तेव्हा तो शिपाई आला आणि म्हणाला, "बायांनो, पेशंट झोपलेत." तू जिन्याने गेलीस, मी लिफ्टने. खाली एकाच वेळी पोचलो आणि एकमेकींकडे न बघता दोन दारांनी बाहेर पडलो.

एक कामाचं. उजव्या डोळ्याची जखम भरत नाही. शेवटी तुमच्याच मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात, वरची आणि खालची पापणी बाहेरच्या कोपऱ्याकडून तिसरा हिस्सा एकमेकींना शिवून टाकायच्या. फट लहान झाली की बुबुळ ओलं राहील. दिसायला वाईट दिसेल, नजर वाचेल. सोमवारी आहे. तुला हात लावता येणार नाही, पण खोलीत उभं राहता येईल, असं ते म्हणाले. आईला तू तिथे हवी आहेस. मी बाहेरच्या बाकावर असेन. त्यामुळे आत किती वेळ लागला तरी तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

— थोरली


६ ऑगस्ट

धाकटीस,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. थेंबांच्या ट्रेमध्ये ठेवते आहे, तू शुक्रवारी येशील तेव्हा सापडेल.

जखम भरली. बुबुळावर धुकट डाग राहिला आहे. उजव्या डोळ्याने तिला खिडकी कळते, खिडकीतलं माणूस कळत नाही. शिवलेल्या कोपऱ्यामुळे ती सतत कोणाला तरी डोळा मारते असं दिसतं. खालच्या मजल्यावरचे आजोबा परवा गोंधळून हसले, तर ती म्हणाली, "या वयात गैरसमज नको." डावा डोळा शाबूत आहे.

तू मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येतेस, हे आईने ठरवलं, मी नाही. माझं पार्लर तळमजल्यावर आणि आई दुसऱ्यावर. एका डोळ्याने तिला अंतराचा अंदाज येत नाही. बेल वाजली की ती उठून धडपडते, म्हणून तिने दार उघडायचं नाही असं मी बजावलं आहे. मग तू आलीस की मीच गिऱ्हाइकाच्या तोंडाला लेप लावून वर धावते, दार उघडते, तुझ्याशी न बोलता खाली जाते. परवा एका बाईचा लेप इतका वाळला की तिला हसताच येईना. ती हसायला आलीच नव्हती म्हणा.

मंगळवारी मी खाली गेले नाही. दार उघडलं, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. पडद्याच्या फटीतून दिसत होतं. तू हात धुतलेस, कोपरापर्यंत. आईला आडवं करून तिच्या उशाशी बसलीस. कापूस पिळलास. शिवलेल्या कोपऱ्याशी पोचलीस तेव्हा दुसऱ्या हाताने तिची भुवई किंचित वर उचललीस, म्हणजे टाक्याच्या जागी ओढ बसू नये. मला ते सुचलं नव्हतं. मी एवढे दिवस तशीच पुसत होते आणि ती दर वेळी दात आवळायची. मंगळवारी तिने दात आवळले नाहीत. तिने तुला विचारलं, "रडतेस का?" तू म्हणालीस, "नाही." ती म्हणाली, "मग माझ्या गालावर काय पडलं?" तू नवा बोळा घेऊन तिचा गाल पुसलास.

मी नळ बंद केला आणि खाली गेले.

तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तोंडाने सांगणार नाही आणि तू कधी विषय काढलास तर नाही म्हणेन.

तुला मी माफ केलेलं नाही. तूही मला केलेलं नसणार, करूही नकोस, मला ते पचायचं नाही. समोरासमोर आलो तर आपण पुन्हा भांडू आणि पुन्हा कोणीतरी शिपाई येऊन आपल्याला गप्प करेल.

पाकिटात दाराची किल्ली आहे. तिचा भलता अर्थ काढू नकोस. मला दर वेळी दोन जिने चढायला लागू नयेत, एवढंच. कुलूप जरा अडतं, किल्ली आत घालून थोडी बाहेर ओढायची आणि मग फिरवायची.

परत करू नकोस.

— थोरली